हाताने घडवलेला सिरॅमिक हनी डिपर: रंग नंतर बघा, आधी खाचा बघा

आधीच सांगून टाकते, हा हनी डिपर, म्हणजे बरणीतून मध काढायची खाचांच्या बोंडाची दांडी, मला मनापासून आवडलाय, पाचपैकी चार देईन. एक का कापला तेही नीट सांगणारे, कारण ज्या गोष्टीसाठी कापलाय ती फोटोत दिसतच नाही, आणि हाताने केलेला सिरॅमिक डिपर घेणारे बहुतेक जण फोटो बघूनच घेतात. रंग मस्त, दांडीवर ठिपके मस्त, झालं, केला ऑर्डर. मग मध काढायला बसलं की एकतर काही उचललंच जात नाही, नाहीतर बरणीपासून ताटलीपर्यंत सगळीकडे मधाची रेघ.

माझ्याकडचा स्टोनवेअर मातीचा (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होते ती) आहे, कुंभारकाम करणाऱ्या एका ताईंनी चाकावर केलेला. मी पण हौस म्हणून माती करते, त्यामुळे घेताना त्यांना भरपूर प्रश्न विचारले आणि त्यांनी न कंटाळता उत्तरं दिली, म्हणून वापराबरोबर करण्याबद्दलही लिहितेय. एकूण लांबी साधारण १६ सेंटिमीटर, खालचं बोंड साडेतीन सेंटिमीटर उंच, रुंदी जाड जागी तीनच्या जरा आत, खाचा सहा. ग्लेझ, म्हणजे मातीवरचा काचेसारखा थर, खाचांच्या आतबाहेर सारखंच, दुधी पांढरं, कडांवर पातळ होऊन खालची तपकिरी माती डोकावते. दिसायला देखणा आहे यात वादच नाही. पण देखणेपणाचं इतकंच पुरे, कारण असे देखणे पण मधाला निरुपयोगी डिपर मी बरेच हाताळलेत.

मुळात ही वस्तू चालते कशी ते समजलं की बाकी सगळं आपोआप कळतं. चमच्याला खोली असते म्हणून त्यात मध बसतो. डिपरला खोली नाही, तो चालतो मधाच्या घट्टपणावर आणि तुमच्या बोटांच्या फिरवण्यावर. बरणीतून बाहेर काढला, आडवा धरला आणि सावकाश फिरवत राहिलात की खाली ओघळायला निघालेला मध ओघळून पडायच्या आत वर आलेला असतो, मग तो उलट्या बाजूने ओघळायला लागतो, तोवर परत फिरला. म्हणजे पडतोय सतत, पण पोचत कुठेच नाही. फिरवणं थांबवा, टोक खाली करा, धार सुरू. फिरत्या नळकांड्यावर चिकट द्रवाचा थर कसा टिकतो याचं रीतसर गणित मोफॅट या शास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडलंय, त्याचं सार आपल्या कामापुरतं एवढंच की द्रव जितका घट्ट आणि फिरणं जितकं जलद तितका जास्त द्रव अंगावर टिकतो, आणि त्याला एक हद्द असते, हद्दीबाहेरचा सांडतोच. म्हणून गरम हवेत मध पातळ झाला की डिपर जरा भरभर फिरवावा लागतो. तापमान २० वरून ३० अंशांवर गेलं तरी मधाचा घट्टपणा निम्म्याहून खाली येतो, त्यामुळे एकच डिपर थंडीत गुणी आणि उन्हाळ्यात उनाड वाटला तर दोष डिपरचा नाही.

आता खाचा. खाचांमुळे बोंडावर चकत्या तयार होतात, त्यातल्या दोन चकत्यांमधल्या फटीतून मध किती वेगाने निसटणार हे त्या फटीच्या रुंदीवर ठरतं, आणि ते सरळ प्रमाणात नाही, वर्गाच्या प्रमाणात. फट दुप्पट केली की मध साधारण चौपट वेगाने निघून जातो. त्यामुळे तीन मिलिमीटरची फट आणि सहा मिलिमीटरची फट यात डोळ्याला जो थोडासा फरक दिसतो तो वापरताना प्रचंड असतो. सहावाला डिपर आडवा धरला तरी रिकामा होत जातो. उलट दीड-दोन मिलिमीटरच्या बारीक खाचा असतील तर घट्ट मध आत शिरायलाच वेळ लागतो, शिरला तर निघत नाही, आणि धुताना बोटाचं टोक जात नाही, ब्रश घेऊन बसावं लागतं. माझ्या अंदाजाने अडीच ते साडेतीन मिलिमीटर ही चांगली जागा, आणि खोली त्याच्या दुप्पट तरी हवी. ताईंच्या डिपरच्या खाचा जवळपास तीन मिलिमीटर आहेत, खोली सहा-सात. एकदा बुडवला की भरपूर मध उचलतो आणि बरणीवरून हात हलवून ताटलीवर आणेपर्यंत एक थेंब पडत नाही. ही गोष्ट त्यांनी अचूक साधलीये, आणि ती साधणं किती अवघड आहे ते माती करणाऱ्यालाच कळेल.

अवघड का, तर माती आकसते म्हणून. ओल्या मातीपासून भट्टीतून बाहेर येईपर्यंत स्टोनवेअर साधारण १० ते १३ टक्के लहान होते, पोर्सिलेन त्याहून जास्त. म्हणजे कच्च्या मातीत चार मिलिमीटरची खाच पाडली तर भाजून साडेतीनची उरते. त्यावर ग्लेझचा थर, तो दोन्ही भिंतींवर बसतो, म्हणजे दोनदा वजा करा. वर ग्लेझ वितळतं तेव्हा तेही घट्ट मधासारखंच वागतं, खाली सरकून खाचेच्या तळाशी जमतं आणि खोली पण खातं. चारची खाच शेवटी पावणेतीन-तीनवर येते ती अशी. हौशी लोकांच्या डिपरमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी खोट हीच, कच्च्या मातीत परफेक्ट दिसणारी खाच ग्लेझनंतर बुजलेली, नुसत्या उथळ लाटा उरलेल्या. त्या लाटांवर मध टिकत नाही, निसटतो. ताई म्हणाल्या की त्या खाचा मुद्दाम बेढब वाटतील इतक्या रुंद पाडतात आणि ग्लेझ नेहमीपेक्षा पातळ कालवून एकदाच, झटकन बुडवून काढतात, मग काढल्या काढल्या डिपर हातात फिरवून झटकतात म्हणजे खाचेत साचलेलं बाहेर येतं. मी स्वतः केलेल्या डिपरवर तसंच करून बघितलं आणि फरक लगेच दिसतो.

खाचा पाडण्याच्या पद्धती पण दोन-तीन आहेत आणि त्या वस्तूत वाचता येतात. एक म्हणजे चाकावर माती ओली असतानाच लाकडी पट्टीची धार दाबून फिरत्या बोंडावर खाचा उतरवायच्या, या गोलसर, मऊ कडांच्या येतात. दुसरी, माती लेदर हार्ड झाली, म्हणजे हाताला गार लागते पण दाबली तर दबत नाही अशी, की चाकावर परत मधोमध बसवून तारेच्या लूप टूलने खरवडून काढायच्या, या सरळ भिंतीच्या आणि खोल येतात. तिसरी म्हणजे मातीची वळी लाटून हातानेच सुरीने किंवा तारेने खाचा कोरायच्या, यात प्रत्येक चकती वेगळी येते. मला दुसरी पद्धत डिपरसाठी सगळ्यात योग्य वाटते. हाताने कोरलेल्यात एक जिवंतपणा असतो हे मान्य, मला तो आवडतोही, पण डिपर फिरवायची वस्तू आहे, चकत्या एका मध्याभोवती नसतील तर फिरवताना मध एका बाजूला जास्त जमतो आणि बदकन पडतो.

दांडीचंही तेच. दांडी गोल हवी, अगदी गोल, कारण ती अंगठा आणि दोन बोटांमध्ये गरगर फिरायला हवी. चपटी, पिळाची, फांदीसारखी वळणदार दांडी फोटोत सुंदर दिसते, हातात घेतली की प्रत्येक वळणाला अडखळते. ताईंनी दांडी वळी लाटून केलीये पण वरच्या टोकाला जाड आणि मानेकडे निमुळती, शेवटी एक छोटं बोंडुक, त्यामुळे मधाने हात चिकट झाला तरी निसटत नाही. आणि वरच्या तीनेक सेंटिमीटरवर ग्लेझ नाही, उघडी माती, ती बारीक पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत. पकड फार छान येते. हे मला आधी वाटलं सजावटीसाठी असेल, पण कारण भट्टीचं आहे.

आणि हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातूनच माझा कापलेला एक मार्क निघतो. ग्लेझ म्हणजे काच. भट्टीत ती वितळते आणि ज्याला टेकेल त्याला चिकटते. कप असेल तर बूड कोरडं ठेवलं की झालं. डिपरला बूड कुठे आहे? आडवा ठेवावा तर टेकणारी अख्खी बाजू ग्लेझविना राहणार, शिवाय साधारण १२२० ते १२४० अंशांवर, म्हणजे कोन ६ च्या भाजणीत (कोन म्हणजे भट्टीची उष्णता मोजायचा मातीचा छोटा सुळका), माती थोडी मऊ पडते, लांब बारीक दांडी टेकू नसेल तिथे झुकते. मग उपाय उरतात तीन. दांडीला भोक ठेवून उष्णता सोसणाऱ्या तारेवर टांगायचा, त्यासाठी कांथालची तार लागते, आणि तीसुद्धा जड वस्तू खूप टांगल्या की वाकते. किंवा दांडीचं उघडं टोक खाली करून भट्टीच्या मातीच्या छोट्या नळकांड्यात उभा करायचा, पण मग जड बोंड वर येतं आणि कलंडायची भीती. किंवा बोंडाचं टोक चपटं करून, तेवढी जागा ग्लेझविना ठेवून, त्यावर उभा करायचा.

ताईंनी तिसरा मार्ग घेतलाय. दांडी वर, टोक खाली, कडेला एक आधाराचं नळकांडं आणि त्याला टेकणारी वरची दांडी उघडी. भट्टीच्या दृष्टीने हुशारी आहे, एकही डिपर वाकडा येत नाही. पण मधाच्या दृष्टीने टोक ही सगळ्यात महत्त्वाची जागा आहे. टोक निमुळतं असेल तर सगळा मध एका बिंदूपाशी येऊन बारीक, एकसंध धार लागते, तीच तर डिपरची मजा. टोक चपटं असेल, भले नखाएवढं, तर धार त्या चपट्याच्या कडेवर कधी इथून कधी तिथून लागते, जाड होते, आणि शेवटी एक मोठा थेंब लटकून राहतो जो उचलता उचलता पडतो. शिवाय ती जागा उघड्या मातीची. ताईंची माती चांगली भाजलेली आहे, त्यामुळे काही मुरत नाही, पण स्पर्श खरखरीत आहे आणि धुताना तिथे एक हात जास्त फिरवावा लागतो. म्हणून एक मार्क गेला. बाकी इतकं नेमकं काम असताना टोकाने घात करावा याचं वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलंही.

उघड्या मातीचा विषय निघालाच आहे तर घेताना एक साधी तपासणी करता येते. जिथे ग्लेझ नाही तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा आणि जरा थांबा. माती नीट पक्की झालेली असेल तर थेंब तसाच बसून राहतो. चटकन पिऊन टाकला तर ती माती सच्छिद्र आहे, टेराकोटासारखी कमी तापमानाची, किंवा स्टोनवेअर असूनही पुरेशी न भाजलेली. अशा डिपरमध्ये धुतलेलं पाणी मुरतं आणि मग ते मधात उतरतं. मधाला पाणी म्हणजे शत्रू, चांगल्या पिकलेल्या मधात पाणी १७-१८ टक्क्यांच्या आसपास असतं, आंतरराष्ट्रीय मानकात सर्वसाधारण मधाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, त्याच्यापुढे गेलं की आंबायची शक्यता वाढते. म्हणून ओला डिपर बरणीत घालायचाच नाही, पण बाहेरून पुसला तरी आतून ओला असेल तर काय करणार.

याच कारणासाठी पोकळ बोंडाचे डिपर मी फार बारकाईने बघते. चाकावर केलेलं बोंड बऱ्याचदा आतून पोकळ असतं, माती सगळीकडे सारख्या जाडीची राहते, लवकर आणि समान सुकते, वजन कमी होतं, सगळं चांगलं. पण बंद पोकळीला भाजताना वाफ जायला वाट लागते, म्हणून सुईने एक बारीक भोक ठेवतात. ते भोक कुठे ठेवलंय हे विचारा. बोंडावर, खाचेत लपवून ठेवलेलं असेल आणि ग्लेझने बुजलं नसेल तर धुताना पाणी आत जाणार, मध आत जाणार, आणि ते आतलं कधीच साफ होणार नाही. माझ्याकडे अजून एक डिपर होता, दुसऱ्या कोणाकडचा, त्यात नेमकं हेच होतं, काही आठवड्यांनी त्याला आंबूस वास यायला लागला आणि तो मी वापरातून काढला. ताईंचं बोंड पोकळच आहे पण भोक वर मानेतून दांडीच्या पोटात नेलंय आणि दांडीच्या टोकाला बाहेर काढलंय, मधापासून लांब. दांडी लाटताना मधोमध सुई जाईल अशी वाट ठेवायची म्हणजे किती निगुतीचं काम, आणि घेणाऱ्याला ते कळणारही नाही. धुताना मात्र दांडीचं टोक वर धरायचं एवढं लक्षात ठेवते.

भरीव बोंड वाईट असं अजिबात नाही, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. तीन सेंटिमीटर जाडीचा भरीव गोळा बाहेरून पांढराफटक सुकलेला दिसला तरी गाभ्यात ओल असते, आणि तसाच भट्टीत गेला तर १०० अंश ओलांडताना आतल्या पाण्याची वाफ त्याचे तुकडे करते. हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटला असं सगळे म्हणतात, पण फोडते ती वाफ, हवा नव्हे. बनवणाऱ्यांनी भरीव डिपर झाकून सावकाश सुकवावा, भट्टी १०० च्या खाली बराच वेळ धरून ठेवावी. दुसरी नाजूक जागा म्हणजे मान. जाड बोंड आणि बारीक दांडी, एक सावकाश सुकतं एक भराभर, त्यामुळे भेग पडायची ती जोडावरच. दोन्ही एकाच ओलीचे असताना खरवडून, स्लिप म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती लावून, दाबून जोडले आणि मानेला ओला कपडा गुंडाळून ठेवला तर बहुतेक वेळा टिकतं. घेणाऱ्याने दांडी दोन बोटांत हलकी धरून बोंडावर नखाने टिचकी मारून बघावी, स्वच्छ आवाज आला तर ठीक, बद्द आला तर मानेपाशी नीट निरखून बघा.

लाकडी दांडी आणि सिरॅमिक बोंड असे पण मिळतात, दिसतात फार सुंदर, मी मात्र घेणार नाही. लाकूड पाण्याने फुगतं, भाजलेली माती फुगत नाही, दोघांचं जमवायचं काम बिचाऱ्या गोंदावर. काही महिने बरं चालतं, मग सांध्यात फट पडते आणि त्या फटीत मध.

पूर्ण लाकडी डिपरशी तुलना करायची तर खरं सांगते, लाकडी हलका असतो, बरणीच्या काठाला लागला तर आवाज होत नाही, पडला तर फुटत नाही. स्टोनवेअर त्याच आकारात तिप्पट तरी जड. पण लाकूड वास धरतं, सुकायला वेळ घेतं, खाचांमध्ये काळपट होत जातं. सिरॅमिक कोमट पाण्याखाली धरलं की दोन मिनिटांत लख्ख, पुसलं की कोरडं. आणि एक गोष्ट जी लाकडाला जमतच नाही, सिरॅमिक ऊब धरून ठेवतं. थंडीत मध हलत नसेल तेव्हा मी डिपर जरा वेळ गरम पाण्यात ठेवते, कडकडीत नाही, बोटाला सोसेल एवढ्या, मग पूर्ण कोरडा पुसून मधात फिरवते. खाचांभोवतीचा मध तेवढ्यापुरता सैल होतो आणि सुरेख धार लागते. साखर धरलेल्या दाणेदार मधाला मात्र कुठलाच डिपर चालत नाही, त्याला चमचाच. मध साधारण १० ते १५ अंशांत सगळ्यात लवकर दाणे धरतो, आणि फ्रिज त्याहून थंड असला तरी तिथे मध गारठून फार घट्ट होतो, तेव्हा बरणी फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांनी डिपर घेऊन उपयोग नाही.

काठाला लागणं ही सिरॅमिकची खरी कमजोरी. काचेच्या बरणीच्या तोंडावर चकतीची कड आपटली तर टवका उडू शकतो, आणि तो मधात पडला तर सगळी बरणी गेली, कारण घट्ट मधात ग्लेझचा बारीक कण सापडणार नाही. म्हणून चकत्यांच्या कडा बोटाने चाचपून बघा. धारदार, पातळ कडा नकोत, गोलवलेल्या हव्यात. बनवणारा लेदर हार्ड असतानाच ओल्या स्पंजने कडा फिरवून घेतो ते याचसाठी, शिवाय ग्लेझ धारदार कडेवरून मागे सरकतं आणि तिथे उघडं राहतं. काही जण माती पूर्ण सुकल्यावर सँडपेपरने घासतात, कृपया करू नका, त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते, निघत नाही. ओला स्पंज तेच काम करतो. आणि बोंडाची रुंदी बरणीच्या तोंडाच्या निम्म्याहून कमी असेल असं बघा, म्हणजे काढताना फिरवायला जागा राहते.

ग्लेझबद्दल मी जरा हट्टी आहे आणि असायलाच हवं. मध आंबटच असतो, गोडव्याखाली कळत नाही पण पीएच साधारण चारच्या आसपास, आणि डिपर लोक तासन्‌तास मधात सोडून देतात. म्हणजे शोभेच्या फुलदाणीवर चालणारं ग्लेझ इथे चालणार नाही. शिसं आणि कॅडमियम नसलेलं, ठरलेल्या तापमानाला पूर्ण वितळलेलं ग्लेझ हवं. नुसतं डब्यावर फूड सेफ लिहिलंय म्हणून भागत नाही, तेच ग्लेझ कमी भाजलं तर सुरक्षित राहत नाही. भांड्यांतून शिसं-कॅडमियम किती सुटतं याची आयएसओ ६४८६ नावाची मानक चाचणी आहे, त्यात ४ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये वस्तू २४ तास ठेवून मोजतात. लहान बनवणाऱ्याकडे प्रत्येक ग्लेझचा रिपोर्ट असेलच असं नाही, पण विचारल्यावर तो कसं उत्तर देतो त्यावरून बरंच कळतं. ताईंनी माती कुठली, ग्लेझ कुठलं, कुठल्या कोनला भाजलं, सगळं सांगितलं. मी घरी लिंबाची फोड रात्रभर दांडीच्या ग्लेझवर ठेवून बघितली, रंगात, चमकेत काही फरक नाही. याने सुरक्षिततेचं सर्टिफिकेट मिळत नाही हे लक्षात ठेवा, पण डाग पडला तर तो डिपर नक्की परत करा. तांब्याचे हिरवे मॅट ग्लेझ, भडक लाल-पिवळे, यांच्याबद्दल दोनदा विचारा. माझं मत विचाराल तर डिपरवर साधं, गुळगुळीत, चमकदार ग्लेझच असावं, मॅट ग्लेझ हाताला सुंदर लागतं पण मध पुसला जात नाही.

ग्लेझमध्ये जाळीसारख्या बारीक रेघा दिसल्या, म्हणजे क्रेझिंग, तर शोभेच्या वस्तूत ती नजाकत असते, खाण्याच्या वस्तूत मला नको. थंड होताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसतं आणि ताणाने चिरतं, त्या चिरांमधून ओल आत जात राहते. माझ्या डिपरवर अजून एकही रेघ नाही, रोज वापर आणि गरम पाण्याने धुणं चालू असूनही.

साच्यात ओतून केलेल्यांबद्दल पण दोन शब्द. प्लास्टरच्या साच्यात स्लिप ओतून केलेले डिपर हलके, एकसारखे येतात, दांडीपासून बोंडापर्यंत एक पुसट उभी शिवण दिसते किंवा घासून काढलेली जाणवते. त्यांच्या खाचा नीट असतील तर ते वापरायला चांगलेच असतात, माझं काही भांडण नाही. फक्त चाकावर केलेलं म्हणून विकत असतील तर ती शिवण शोधा.

कोणी घेऊ नये? ज्यांच्या घरात मध पिळायच्या बाटलीतून घेतात त्यांनी घेतला तर तो नुसता ड्रॉवरमध्ये जाईल. ज्यांना डिपर बरणीतच ठेवून द्यायची सवय आहे त्यांनी झाकणाला दांडीपुरती खाच असलेली बरणी सोबत बघावी, नाहीतर झाकण अर्धवट राहतं आणि मध हवेतली ओल ओढून घेतो. बाकी ज्यांना धार सोडताना तो सोनेरी दोरा हळूहळू बारीक होत जाताना बघायला आवडतो, त्यांनी जरूर घ्या.

मी दुसरा सांगितलाय त्याच ताईंना. खाचा याच, दांडी आणखी दोन सेंटिमीटर लांब म्हणजे उंच बरणीत तळापर्यंत पोचेल, आणि टोक निमुळतं, पूर्ण ग्लेझ असलेलं. त्या म्हणाल्या मग दांडीच्या वाफेच्या भोकाशेजारी एक आडवं भोक ठेवून कांथालच्या तारेवर टांगून भाजावा लागेल, थोडेच बसतील भट्टीत आणि एखाददुसरा तारेला चिकटेल, तुमची तयारी आहे का थांबायची. आहे.